कार्बोरेटर बदलायचा, पण कोणता?

पेट्रोलची गाडी खरे तर हवेवर चालते असे वर्गात म्हटले, तर मुले हसतील. पण हिशेब करून पाहा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे त्याला अकरा किलो हवा हवी. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरली, तर ही हवा भरते नऊ हजार लिटरांहून थोडी जास्त! पेट्रोलच्या एका बाटलीमागे हवेची एक छोटी खोलीच इंजिनाला ओढून घ्यावी लागते. शिवाय दोघांचे प्रमाण सांभाळायचे, आणि तेही इंजिन थंड असताना, घाट चढताना, सिग्नलला उभे असताना आणि मोकळ्या रस्त्यावर सुसाट जाताना. जवळजवळ शंभर वर्षे हे काम धातूच्या एका लहानशा डब्याने केले. त्या डब्याला ना मेंदू होता ना वीज. त्याचे नाव कार्बोरेटर.

गाडी जुनी झाली, मिसिंग करू लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली, की पहिला संशय या डब्यावर येतो. मग तो काढून दुसऱ्या कंपनीचा बसवावा असे वाटू लागते. हा खटाटोप कार्बोरेटरच्या इतिहासाइतकाच जुना आहे, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडा कायदाही गुंतलेला आहे. सहा सिलिंडरांच्या एका अमेरिकन जीपच्या निमित्ताने तो नीट पाहता येतो. पण जीपपर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे जाऊ या.

बशीतून फवाऱ्याकडे

कार्ल बेंझने जानेवारी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. तिचा कार्बोरेटर म्हणजे इंधनाचे एक भांडे होते. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि जाताना वाफ घेऊन जाई. ओले कपडे वाऱ्यावर वाळतात तसाच हा प्रकार. १८८८ मध्ये कार्लची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गाडीने गेली. वाटेत वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन हे हलके इंधन विकत घेतले आणि तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. नळी तुंबणे हा कार्बोरेटरचा जन्मजात रोग आहे. पुढे जीपमध्येही तो भेटणार आहे.

भांड्याच्या पद्धतीत एक मूलभूत खोट होती. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातले हलके रेणू आधी उडून जात आणि जड रेणू तळाशी साचत. त्यामुळे भरल्या भांड्याची वाफ वेगळी आणि रिकामे होत आलेल्या भांड्याची वेगळी. उपाय सरळ होता. पेट्रोलची वाफ करण्याऐवजी त्याचे बारीक तुषार करायचे, म्हणजे हलके-जड सगळे एकत्र जाईल. बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी अशा फवारा-कार्बोरेटरचे पेटंट फेब्रुवारी १८९३ मध्ये मागितले. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखचे पेटंट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले. एक फुलवाली फुंकनळीने फुलांवर पाणी शिंपडताना दिसली आणि त्यावरून कल्पना सुचली, अशी गोष्ट हंगेरीत सांगतात. वर्गात सांगायला ती छान आहे.

फवाऱ्याची करामत अशी. हवेची नळी मध्येच चिंचोळी केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नुलीने याचे गणित १७३८ मध्ये मांडले, आणि चिंचोळ्या नळ्यांवरच्या प्रयोगांचे वर्णन इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. या चिंचोळ्या गळ्यात पेट्रोलच्या बारीक नळीचे तोंड उघडायचे. तिचे दुसरे टोक एका छोट्या टाकीत असते. टाकीतला तरंगा, म्हणजे मेकॅनिकचा फ्लोट, पेट्रोलची पातळी गळ्यातल्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खाली राखतो. आपल्याकडे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, अगदी तसाच. हवा धावली की दाब कमी होतो आणि पेट्रोल वर चढून तुषाररूपाने उडते. शाळेत हे पाण्याचा पेला आणि दोन स्ट्रॉ घेऊन दाखवता येते. (पाणीच घ्यावे, पेट्रोल मुळीच नको.)

इथे कोणीही विचारील की मग गळा जितका मोठा तितका चांगला, नाही का? हवा जास्त जाईल, ताकद जास्त मिळेल. कार्बोरेटर बदलणारे बहुतेक जण इथेच फसतात. दाबातील घट हवेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. गळ्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर तितक्याच हवेचा वेग निम्मा होतो आणि ओढ एकदम चौथाई! पेट्रोल वर चढतच नाही, चढले तर थेंबाथेंबाने. इंजिन कमी फेऱ्यांवर आचके देते आणि पिकअप मरते. गळा लहान ठेवला तर कमी वेगाला सगळे सुरळीत चालते, पण जास्त वेगाला इंजिनाचा श्वास कोंडतो.

या पेचातून सुटायचे दोन मार्ग निघाले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्किनर या चामड्याच्या बुटांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या माणसाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असा कार्बोरेटर बनवला, की हवेची मागणी वाढली की त्याचा गळा आपोआप रुंदावतो. त्यातला सरकता भाग वरखाली करायला त्याने प्रथम चामड्याचाच भाता लावला होता. याचेच नाव एस. यू., म्हणजे स्किनर्स युनियन. आपल्या ॲम्बॅसिडरवर अनेक वर्षे याच जातीचा कार्बोरेटर होता. दुसरा मार्ग इटलीतल्या बोलोन्याच्या एदोआर्दो वेबरचा. त्याने एकाच कार्बोरेटरात दोन गळे ठेवले. लहान गळा नेहमीच्या चालीसाठी, आणि पाय आणखी दाबला की मोठा गळाही उघडायचा. गंमत म्हणजे वेबरचा धंदा सुरूच झाला तो दुसऱ्यांच्या गाड्यांवर बसवायचे बदली संच विकून. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग होते, आणि फियाट गाड्यांसाठीचे त्याचे संच खपू लागले. म्हणजे जुन्या गाडीला नवा कार्बोरेटर लावण्याचा उद्योग १९२० च्या दशकापासून चालत आला आहे.

सहा जणांची पंगत

आता सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाकडे वळू. पंगतीत वाढपी मध्ये उभा राहून वाढू लागला तर जवळच्यांच्या पानात तूप जास्त पडते आणि टोकाच्यांना कोरडा भात मिळतो. एकच कार्बोरेटर मध्यभागी लावला की तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची चंगळ होते, पहिला आणि सहावा दूर पडतात. हवा वायू असल्याने वळणे घेत टोकापर्यंत जाते. पेट्रोलचे थेंब जड असतात. ते वळणावर सरळ जाऊन भिंतीवर आदळतात आणि पातळ थर होऊन सावकाश पुढे सरकतात. म्हणून मॅनिफोल्डला, म्हणजे वाटप करणाऱ्या नळीला, एक्झॉस्टची किंवा इंजिनातल्या गरम पाण्याची ऊब देत. ऊब मिळाली की थर उडून जातो.

या इंजिनात ठिणगी पडण्याचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. फळ्यावर लिहून बघा. पहिला पुढच्या तिघांतला, पाचवा मागच्या तिघांतला, तिसरा पुढचा, सहावा मागचा, दुसरा पुढचा, चौथा मागचा. आळीपाळीने चालले आहे! त्यामुळे पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना एक असे दोन कार्बोरेटर दिले, तर प्रत्येकाला बरोबर २४० अंशांच्या अंतराने, एकाच तालात मागणी येते. जॅग्वारने १९४८ मध्ये आपल्या ३.४ लिटरच्या गाडीला दोन एस. यू. लावले आणि १९६९ च्या जपानी डॅटसन २४० झेडला त्याच जातीचे दोन हिताची लावले, त्यामागे हे गणित होते. मात्र दोन कार्बोरेटर म्हणजे दोन तरंगे आणि दोन सुया, शिवाय दोघांचा मेळ सतत जुळवत राहणे आलेच. शर्यतीच्या किंवा शौकाच्या गाडीला ते चालते. शेतावर आणि डोंगरात राबणाऱ्या गाडीला तो ताप नको असतो.

आपली जीप या दुसऱ्या वर्गातली. अमेरिकन मोटर्स कंपनीने १९७१ मध्ये ४.२ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. ते जीपच्या सी. जे. मालिकेत आणि पुढे रँग्लरमध्ये १९९० पर्यंत बसवले जात होते. (महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे आणलेली विलीज जीप याच घराण्यातली, पण तिचे इंजिन चार सिलिंडरांचे.) हे इंजिन दणकट होते. १९८० च्या दशकात त्याच्या डोक्यावर बसलेला कार्टर कंपनीचा दुगळी कार्बोरेटर मात्र मालकांच्या शिव्यांचा धनी झाला. का, ते कळण्यासाठी लॉस एंजेलिसच्या हवेत डोकवावे लागेल.

धुराचा हिशेब

या शहरावर दाटणारा तपकिरी, डोळे झोंबवणारा धूर कशाचा, हे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले. हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ, त्याआधी अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते! न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन आणि इतर दाहक पदार्थ तयार होतात, आणि या कच्च्या मालात मोठा वाटा मोटारींचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७० चा अमेरिकन स्वच्छ हवा कायदा याच वाटेवर पुढे आला. १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये उत्प्रेरक डबा आला. पुढचा त्रिगुणी डबा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अशा तिघांचा एकदम बंदोबस्त करतो, पण एका अटीवर. मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. दाट झाले, मेकॅनिकच्या भाषेत रिच झाले, तर पहिल्या दोघांसाठी ऑक्सिजन उरत नाही. विरळ म्हणजे लीन झाले तर तिसऱ्याचे विघटन होत नाही.

नुसत्या गळ्याला आणि तरंग्याला इतका काटेकोरपणा जमणारा नव्हता. म्हणून जीपच्या कार्टरला एक छोटी विद्युत मोटर जोडली. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन-संवेदक संगणकाला खबर देई आणि मोटर कार्बोरेटरातल्या सुया पुढेमागे करी. कल्पना उत्तम होती. पण या व्यवस्थेभोवती पोकळीच्या रबरी नळ्यांचे जाळे होते. त्या वाळून चिरल्या की संगणकाला चुकीची खबर मिळे. त्यात इंजिन नुसते उभ्याने चालताना पेट्रोल देणाऱ्या कार्टरच्या नळ्या इतक्या बारीक होत्या, की कचऱ्याचा एक कण त्या तुंबवी आणि सिग्नलला जीप बंद पडे. बर्थाच्या पिनेची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

उभ्या इंजिनासाठी वेगळ्या नळ्या का लागतात हे पाहण्यासारखे आहे. ४.२ लिटरचे चार-फेरी इंजिन दर फेऱ्याला निम्मे, म्हणजे २.१ लिटर हवा ओढते. मिनिटाला ३,००० फेरे आणि सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरू. मिनिटाला सुमारे ५,००० लिटर हवा झाली. दोन्ही गळ्यांचे क्षेत्रफळ मिळून ११ चौरस सेंटिमीटर असेल तर हवेचा वेग सेकंदाला पाऊणशे मीटर येतो, आणि दाबातील घट पाण्याच्या ३५ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतकी. ही ओढ भरपूर झाली. आता ७०० फेरे आणि जवळजवळ बंद झडप घ्या. हवा मिनिटाला ३७० लिटरांच्या आसपास, वेग पाच-सहा मीटर, आणि घट पाण्याच्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर! पेट्रोल तोंडापर्यंतही पोहोचणार नाही. म्हणून या वेळी पेट्रोल झडपेखालून, मॅनिफोल्डच्या जोरदार पोकळीने ओढले जाते, आणि ते मोजून देण्यासाठी छिद्र केसासारखे बारीक ठेवावे लागते.

तीन उमेदवार

वैतागलेल्या मालकांपुढे मुख्यतः तीन पर्याय आले. पहिला वेबरचा ३२/३६, म्हणजे झडपांचे व्यास ३२ आणि ३६ मिलिमीटर, गळे २६ आणि २७ मिलिमीटर. आधी लहान, मग मोठा. दुसरा वेबरचाच ३८/३८, ज्याच्या दोन्ही झडपा एकदम उघडतात. तिसरा मोटरक्राफ्ट २१००. हा मूळचा फोर्डच्या आठ सिलिंडरांच्या गाड्यांवरचा आणि भंगारात स्वस्तात मिळणारा. त्याच्याही दोन्ही झडपा एकदम उघडतात. तो अनेक मापांत येतो आणि टाकीच्या बाजूवर गळ्याचा व्यास इंचांत कोरलेला असतो. जीपसाठी १.०८ अंकाचा शोधतात.

आपल्याला कोरडा हिशेब करता येतो. १.०८ इंच म्हणजे २७.४ मिलिमीटर, आणि दोन गळे मिळून क्षेत्रफळ ११८० चौरस मिलिमीटर. वेबर ३२/३६ चा पहिला गळा एकटा ५३१ चा. सावकाश चालीत वेबरचा एवढाच गळा उघडा असतो, म्हणून तितक्याच हवेला त्याच्यातली ओढ सुमारे पाचपट पडते. गावात, दगडधोंड्यांवर रांगत जाताना वेबर मऊ का चालतो आणि पेट्रोल का वाचवतो, ते यात आले. मोटरक्राफ्ट ही उणीव मोठ्या गळ्याच्या आत आणखी एक छोटी व्हेंचुरी बसवून भरून काढतो. पण कोणी भंगारातून १.२१ अंकाचा उचलला तर क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी वाढते आणि ओढ तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाला ते माप ठीक आहे, सहाला ते ढगळ होते. माझे मत विचाराल तर रोजच्या वापराला ३२/३६ बरा, आणि जो स्वतः खोलून साफ करू शकतो त्याला १.०८ चा मोटरक्राफ्ट. ३८/३८ च्या वाट्याला ज्याला पेट्रोलच्या बिलाची फिकीर नाही त्यानेच जावे.

नवा कार्बोरेटर जुन्या मॅनिफोल्डवर बसवायला मध्ये एक प्लेट लागते. ती कशी वळवली आहे याला महत्त्व आहे, कारण एक गळा पुढच्या तिघांकडे आणि दुसरा मागच्या तिघांकडे तोंड करून बसला तर सावकाश चालीत अर्धी पंगत उपाशी राहते. वेबरच्या तरंग्याची सुई दर चौरस इंचाला तीन पौंडांच्या आसपासच्या दाबाची, आणि जीपचा पंप देतो चार ते पाच. सुई उचलली जाते, टाकी भरून वाहते, मालक जेट बदलत बसतो आणि प्लग काळे ते काळेच! दाब कमी करणारी छोटी झडप लावली की काम होते. आणि मुळात चिरलेली रबरी नळी बदलली असती, ठिणगीची वेळ तपासली असती, तर जुन्या कार्टरनेही पुष्कळदा मान टाकली नसती. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहायचा हा प्रयोगशाळेतला नियम बॉनेट उघडले की का विसरला जातो, कोण जाणे.

बदल केल्यावर मालक म्हणतात, गाडी उडते आता. ते खोटे नाही. पण पेट्रोल इंजिन सर्वांत जास्त ताकद १४.७ ला देत नाही, साडेबारा-तेराच्या दाट मिश्रणाला देते. मिश्रण समतोलापेक्षा दहा टक्के दाट झाले की उत्प्रेरक डब्याच्या आधीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे चालकाच्या पायाला जे मिश्रण सर्वांत गोड लागते, ते मागे उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसाला सर्वांत वाईट. संवेदक आणि मोटर काढून टाकली की त्रिगुणी डब्याचे कामही अर्धेमुर्धे राहते. म्हणून कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणी आहे, आणि तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच बदली भाग चालतो. भंगारातला मोटरक्राफ्ट कितीही गुणी असला तरी तिथे नापास होतो. जीपवाले यावर कुरकुरतात. बंद पडणाऱ्या गाडीचा त्रास मला समजतो, पण निर्णय डोळ्यांनी आणि कानांनी नव्हे, धूर मोजून व्हावा यात गैर काय आहे?

समुद्रसपाटीवर नीट लावलेली गाडी डेन्व्हरला, म्हणजे १६०० मीटरवर नेली की आणखी एक गोष्ट घडते. तिथे हवेची घनता सुमारे १५ टक्के कमी. कार्बोरेटर हवेचे वजन करत नाही, तो फक्त दाबातील फरक ओळखतो. म्हणून मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात दाट होते, इथे आठ टक्क्यांनी. डोंगरातले लोक म्हणूनच बारीक छिद्राचे जेट लावतात. इंधन-फवारणीच्या यंत्रणेला ही अडचण नाही, ती हवा मोजते. १९९१ पासून रँग्लरला फवारणीचे ४ लिटरचे इंजिन आले आणि जीपपुरता कार्बोरेटरचा प्रश्न मिटला. भारतात एप्रिल २००० च्या प्रदूषण नियमांनी मोटारींतून आणि एप्रिल २०२० च्या भारत-६ नियमांनी जवळजवळ सर्व दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार केला.

जुन्या गाड्या मात्र आहेत, आणि त्यांच्यापुढे नवा पेच आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा फक्त नऊपट लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन देतो, आणि मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी विरळ होते. पद्मिनी असो वा जीप, सुरू व्हायला कुरकुर, घाटात आचके, इंजिन जास्त तापणे ही लक्षणे दिसू लागतात. वेबरच्या जेटांवर छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरांत लिहिलेला असतो. १४० म्हणजे १.४० मिलिमीटर. क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढवायचे तर व्यास साडेचार टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे १.४६. दुकानात १४५ मिळतो. तो लावून, रबरी नळ्या आणि तरंग्याची पाकिटे इथेनॉलला टिकणारी घालून, धूर पुन्हा एकदा मोजून घ्यावा.